तिठ्यावरचा तुंबा

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे आणि मला आता किल्ली नाही. हसू नका. किल्ली नसलेले कुलूप म्हणजे दात पडलेला वाघ, असे माझ्या तोंडावर म्हणणारे पुष्कळ भेटले. म्हणोत बापडे! मी ज्या दारावर नोकरी केली त्या दारात जे पाहिले, ते तुमच्या आजच्या चकचकीत कुलपांपैकी एकाने जरी पाहिले असेल, तर माझे नाव बदला.

माझा जन्म जव्हारचा. सावळा लोहाराच्या भट्टीत मी तापलो, त्याच्या ऐरणीवर मार खाल्ला आणि आकाराला आलो. दरबाराच्या धान्याच्या कोठीसाठी त्याला एक दांडगे कुलूप करायला सांगितले होते. त्याने मला असे घडवले की हातात घेतल्यावर मनगट वाकावे. किल्ली वीतभर लांब. सगळे झाल्यावर सावळाने स्वतःच खिळा घालून, तार घालून मला उघडायचा प्रयत्न केला. त्याला घाम फुटला, पण मी उघडलो नाही. तेव्हा तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास रे पठ्ठ्या! बापालाही दाद देत नाहीस!" ती शाब्बासकी मी अजून जपून ठेवली आहे.

कोठीत भात, नागली आणि वरई भरलेली असे. दारावर मी, आणि दाराशी देवजी शिपाई. अंगात पितळी बटणांचा कोट, डोक्याला पागोटे आणि ओठांवर अशी मिशी की तिला वेगळा पगार द्यावा! पहाऱ्यावर आला की तो आधी मला धरून जोरात ओढून बघे आणि मग सरळ उभा राही. त्याचा सलाम बघण्यासारखा होता. टाचा जुळत, छाती पुढे येई, हात सरळ कपाळाला जाई आणि सलाम घेणाऱ्याला उगीचच आपण मोठे झाल्यासारखे वाटे. आम्ही दोघे संस्थानचे नोकर. आमच्याकडे बघून उंदीरसुद्धा मागच्या बाजूने जात.

मग संस्थान विलीन झाले. मला त्यातले फारसे कळले नाही. लोक पेढे वाटत होते, काही जण डोळे पुसत होते आणि काही जण दोन्ही करत होते. जव्हार ठाणे जिल्ह्यात गेले. नवी कचेरी आली, नवे साहेब आले. कोठी रिकामी झाली, जुन्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यात मीही निघालो. दामोदरशेट नावाच्या दुकानदाराने मला घेतले.

दामोदरशेटचे दुकान बाजाराच्या रस्त्यावर होते. मीठ, गूळ, तंबाखू, रॉकेल, साबण, फण्या, आरसे आणि एका बाजूला कापड आणि लुगडी. मागच्या बाजूला घर. मला बघताच त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणाल्या, "अहो, हे केवढं कुलूप! आपलं दुकान आहे की तुरुंग?"

"वस्तू जातात शांते," शेट म्हणाले. "परवा साबण गेला, काल फणी गेली. असंच चालू राहिलं तर एक दिवस तागडी जाईल."

थोड्याच दिवसांत देवजी दुकानात येऊन उभा राहिला. नोकरी गेली होती, कोट मात्र तसाच होता. त्याने मला ओळखले. धरून एकदा ओढून बघितले आणि म्हणाला, "शेट, दरबारचं कुलूप घेतलंत. मग त्याच्या जोडीचा माणूसही घ्या. एकटं करमायचं नाही त्याला."

शेट हसले आणि देवजी दाराशी उभा राहिला. मित्रांनो, खरे सांगतो, त्या दिवशी मला फार बरे वाटले.

पण आम्ही आल्याने चोरी थांबली का? छे! रात्री मी दार धरून बसे, पण रात्री कधी कोणी आलेच नाही. दिवसा मी कडीत उघडा लटकत असे आणि चोर यायचे ते दिवसाच. तेही सरळ दारातून, "काय दामोदरशेट, बरं आहे ना?" असे विचारत. दिवसाढवळ्या हसत येणाऱ्या माणसापुढे कुलूप काय करणार?

शेटनी पुष्कळ उपाय करून पाहिले. दाराला घुंगरांची माळ बांधली. गावाबाहेरच्या शिरपामाळाकडून वारा सुटला की ती दिवसभर वाजे आणि माणूस आला की वारा आला ते कळेना. शेवटी शांताबाईंचे डोके दुखायला लागले आणि माळ काढली. मग पाठमोरे असताना गिऱ्हाईक दिसावे म्हणून शेटनी भिंतीवर मोठा आरसा टांगला. गिऱ्हाईक त्यात बघून फणीने भांग पाडी, आपण कसे दिसतो ते न्याहाळी आणि फणी खिशात टाकून चालू लागे.

राहिला देवजी. देवजीचा एक नियम होता, आणि तो त्याला कोणी शिकवावा लागला नव्हता. अंगात कोट असेल तर सलाम आणि डोक्यावर टोपली असेल तर तपासणी. बाजारच्या दिवशी डोंगराकडून बाया येत. त्यांच्या टोपल्यांत तो काठी घालून ढवळून बघे. आणि एक कोटवाले गृहस्थ नेहमी येत, त्यांना तो कडक सलाम ठोकी. देवजीचा हात कपाळाला जाई त्याच क्षणी गृहस्थांचा हात साबणाच्या खोक्यात जाई. मी समोर लटकत असे. ओरडावे असे फार वाटे, पण कुलपाचे तोंड म्हणजे किल्लीचे भोक. त्यातून आवाज निघत नाही.

आता कमूची ओळख करून देतो. कमू साखरशेतची. नवरा मंगळू, एक मुलगी सुकी आणि थोडीशी भात-नागलीची जमीन. दर बाजाराला ती डोंगर उतरून चढून येई. कधी नागली आणी, कधी डिंक, कधी करवंदे. देवजी तिच्या टोपलीत काठी घाली तेव्हा इतर बाया माना खाली घालत. ही मात्र म्हणे, "शिपाईदादा, हळू! टोपलीत वाघ हाय. काठीनं उठला तं आधी तुमची मिशी खाल!" सगळे हसत. देवजीही मिशीत हसे, पण काठी काही थांबत नसे.

शांताबाईंचे तिच्याशी जमे. एकदा कमूने लाकडाची मोळी आणली आणि रस्त्याच्या कडेला ठेवून दुकानात आली. मोळीवर तिने एक दगड ठेवला आणि दगडाखाली पळसाची डहाळी खोचली.

शांताबाई म्हणाल्या, "अगं, मोळी अशी उघड्यावर टाकलीस? कोणी नेली तर?"

"खूण ठेवलीय ना बाई."

"खूण म्हणजे? तो दगड?"

"दगड आन् डहाळी. आमच्याकडं रानात लाकडं जमवली का तशीच ठेवतात. खूण दिसली का समजायचं, ही कोनाची तरी हायेत. मंग कोन हात लावल?" कमूला त्या प्रश्नाचेच नवल वाटत होते. "मालक यील तवा नेल. पंधरा दिसांनी यील, नायतर महिन्यानी यील."

शांताबाई माझ्याकडे बघून हसल्या. मला थोडा राग आला. एक दगड आणि एक डहाळी! माझ्यासारख्या दरबारी कुलपाने हे ऐकून घ्यायचे? मी मनात म्हटले, बघू किती दिवस टिकते ही तुमची खूण.

त्या वर्षी सुकीचे लग्न ठरले. कमूने दुकानात एक लुगडे पाहिले. तांबडे, पिवळ्या काठाचे. तिने ते हातात घेतले नाही. नुसता काठावरून बोटाचा पाठचा भाग फिरवला, कारण बोटे खरखरीत होती आणि सूत ओढले गेले असते. हे मी पाहिले.

"शेट, सुकीला ह्याच लुगड्यात बसवायची हाय," ती म्हणाली.

दामोदरशेट मनाने वाईट नव्हते. त्यांना रानातल्या मधाची फार आवड. ते म्हणाले, "मंगळू कड्यावरचा मध काढतो ना? तसल्या मधाचा एक भरला तुंबा आण. तुंबा ठेव आणि लुगडं ने. मी दुसऱ्या कोणाला विकत नाही, जा."

तुम्हाला तुंबा माहीत नसेल. वाळलेला भोपळा आतून कोरून त्याचे भांडे करतात, त्याला तुंबा म्हणतात. कड्यावरचा मध काढणे सोपे नाही. दोराला लटकावे लागते आणि माश्या सोडत नाहीत. पण मुलीच्या लग्नासाठी बाप काय काय करतो! मंगळूने मध काढला आणि पुढच्या बाजाराला कमू तुंबा घेऊन आली.

दुपारची वेळ होती. बाजार उलगत आला होता. शेट आत जेवायला बसले होते, शांताबाई वाढत होत्या. दुकानात कोणी गिऱ्हाईक नव्हते. देवजी दाराशी होता. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला धूळ उठली आणि कुठल्याशा साहेबाची जीप आली. झाले! देवजीच्या अंगात संस्थान संचारले. तो काठी टाकून धावत रस्त्याच्या कडेला गेला, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकून उभा राहिला. जीप पुढे गाईगुरांत अडकली होती. जीप हलेना आणि देवजीचा हात खाली येईना.

त्याच्या पाठीमागून कमू दारात आली. तिने हाक मारली, "शेट! वो शेट! बाई!" आत भांड्यांचा आवाज होता, कोणाला ऐकू गेले नाही. रस्त्यावरून तिच्या गावच्या बाया ओरडत होत्या, "कमू, चल लवकर! वाट लांब हाय!" कमूने क्षणभर विचार केला. शेट म्हणाले होते, तुंबा ठेव आणि लुगडे ने. तिने तुंबा उंबऱ्यावर ठेवला. त्याचे तोंड मेणाने बंद केलेले होते. अंगणातला एक चपटा दगड उचलून तिने त्यावर ठेवला आणि दगडाखाली पळसाची डहाळी खोचली. मग फळीवरचे तांबडे लुगडे घेतले, छातीशी धरले आणि गेली. कमूच्या हिशेबाने व्यवहार पुरा झाला होता. माझ्याही हिशेबाने झाला होता, कारण मी साक्षीदार होतो.

जीप सुटली. देवजी छाती फुगवून परत आला आणि उंबऱ्यावर बघतो तो काय! भोपळ्यावर दगड आणि दगडाखाली डहाळी. त्याचा चेहरा असा उतरला की मिशीही लोंबली.

"अरे देवा! करणी!" तो पुटपुटला. "कोणीतरी दुकानावर करणी केली!"

मित्रांनो, त्याला हसू नका. गावात वाढलेल्या माणसाला उंबऱ्यावर असे काही दिसले की तो घाबरतोच. त्याने आत हाक मारली नाही. शेट विचारतील, कोणी ठेवले तेव्हा तू कुठे होतास? पण भीतीपेक्षा त्याची स्वामिनिष्ठा मोठी होती. शेटवरचे संकट आपण घ्यावे म्हणून त्याने तोंडाने रामाचे नाव घेत तो तुंबा, दगड, डहाळी सगळे एका फळकुटावर सरकवले आणि दोन्ही हात लांब धरून नेले. पुढे तीन रस्ते मिळतात तो तिठा मला दारावरून सरळ दिसे. उतारा तिठ्यावर ठेवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. तिथे कडेला त्याने सगळे अलगद उतरवले आणि मागे वळून न बघता परत आला. मग हातपाय धुतले आणि पहाऱ्यावर उभा राहिला. दुकान वाचवल्याचे समाधान त्याच्या तोंडावर होते, आणि मी कडीत तळमळत होतो.

अहो, मोबदलाच फेकून आला होता हा पहारेकरी!

संध्याकाळी शेट फळ्या आवरायला लागले आणि लुगडे दिसेना. शेजारच्या चहावाल्याने सांगितले, "साखरशेतची कमू तांबडं लुगडं छातीशी धरून पळत होती. मी बघितलं."

"चोरटी!" शेट कडाडले. "मी विश्वासाने राखून ठेवलं, आणि मध न आणता लुगडं उचलून गेली!"

शांताबाई म्हणाल्या, "अहो, कमू तसली बाई नाही हो."

"मग लुगड्याला काय पंख फुटले?"

शेट भर रस्त्यात उभे राहून सगळ्या दुकानदारांना ऐकू जाईल असे ओरडले, "साखरशेतच्या कमूने माझ्या दुकानात चोरी केली! तिला उभी करू नका!"

अशी हाक बाजारात फिरायला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी साखरशेतची भागी मीठ घ्यायला आली. तिला एकाही दुकानात पाऊल ठेवू दिले नाही. शेट तिला म्हणाले, "आधी तुमच्या कमूने लुगडं आणून टाकावं, मग मीठ." भागीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "शेट, कमू चोर असल तं आमी सगळ्या चोर." आणि मीठ न घेताच गेली. मला वाटले आता आपले लोखंड वितळणार.

आणि तो तुंबा? तो तिठ्यावर होता तसाच होता! त्या आठवड्यात तिथून किती माणसे गेली, बैलगाड्या गेल्या, शाळेची मुले गेली. गावातला माणूस आला की लांबून थुंकून वळसा घाली, कारण त्याला तो उतारा वाटे. डोंगरातला माणूस आला की तोही शांतपणे वळसा घाली, कारण त्याला ती खूण दिसे. भागीसुद्धा रडत रडत त्याला वळसा घालूनच गेली. कोणी लाथ मारली नाही, कोणी बोट लावले नाही. डहाळी सुकली, पण दगड हलला नाही. उघड्या रस्त्यावर, ना दार ना कडी. मी रोज तिकडे बघे आणि रोज माझा तोरा थोडा कमी होई.

पुढच्या बाजारी कमू आली. डोक्यावर टोपली नव्हती. फडक्यात गुंडाळलेले लुगडे तिने दोन्ही हातांत धरले होते. मागे भागी आणि गावच्या बाया होत्या. दुकानदार गाद्यांवरून उठून बघायला लागले.

तिठ्याशी कमू थांबली, वाकली आणि हात पुढे केला.

"ए बाई! हात लावू नको!" चारी बाजूंनी लोक ओरडले. "उतारा आहे तो!"

"उतारा?" कमू म्हणाली. "कसला उतारा? माझा तुंबा हाय यो!"

तिने तो दगडासकट, डहाळीसकट उचलून कमरेवर घेतला. गर्दी दुभंगली. कमू सरळ दुकानाकडे आली. देवजी दाराशी उभा होता, त्याने काठी आडवी धरली.

"आ... आत आणू नको!" तो म्हणाला. दामोदरशेट दोन पावले मागे सरून तागडीच्या आड गेले.

कमूने तुंबा त्याच उंबऱ्यावर, त्याच जागी ठेवला. शेजारी लुगडे ठेवले. तिचा आवाज चढला नव्हता, पण बाजार ऐकत होता.

"शेट, हे तुमचं लुगडं घ्या. माझी सुकी जुन्या लुगड्यात बसल. चोराची पोर म्हणून नवं लुगडं नेसायचं नाय तिला. पण मना एक सांगा. मी हाका मारल्या. कोनी आलं नाय. तुमी म्हनला व्हता, तुंबा ठेव आन् लुगडं ने. मी तुंबा हितं ठेवला. खूण ठेवली. तो तिठ्यावर कोनी नेला?"

मी देवजीकडे बघत होतो. त्याला गप्प राहणे अगदी सोपे होते. कोणी पाहिले नव्हते, आणि मी काही सांगू शकत नव्हतो. त्याची नोकरी, त्याचा कोट, त्याची मिशी, सगळे त्या एका शब्दावर टांगलेले होते.

"मी नेला," देवजी म्हणाला. "शेट, मी नेला. जीप आली म्हणून मी सलामाला गेलो होतो. परत आलो तर हे उंबऱ्यावर. मला वाटलं, करणी."

"अरे गाढवा!" शेट ओरडले. "उघडून तरी बघायचंस!"

"करणी कोण उघडून बघतं, शेट?"

कमूने दगड उचलून बाजूला ठेवला, डहाळी काढली आणि नखाने मेण खरवडले. तुंबा उघडला. तरी कोणी पुढे येईना. भीती अशी लगेच जात नाही. तेव्हा शांताबाई आतून आल्या. शेट म्हणाले, "अगं, थांब!" पण त्या थांबल्या नाहीत. उंबऱ्याशी बसल्या, तुंब्यात बोट घातले आणि चाटले. सगळा बाजार बघत होता.

"मध आहे," शांताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "कड्यावरचा. आणि मी खुळी, तिने मला खूण सांगितली होती. मी एकदा तिठ्यापर्यंत जाऊन बघायला हवं होतं."

शेट तागडीच्या आडून बाहेर आले. त्यांनी लुगडे उचलून कमूपुढे धरले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं, कमू. हे घे. तुझंच आहे."

कमूने हात पुढे केला नाही.

"चोर मना मोठ्यानं म्हनलात, शेट. आता हितं दारात हळू बोलून कसं भागल? माझं नाव तुमी बाजारात टाकलंत. बाजारातूनच उचला."

वा रे कमू! मित्रांनो, दरबारात मी मोठमोठी माणसे बोलताना ऐकली होती, पण असे सरळ बोलणे मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही. मागच्या बाया ताठ झाल्या. शेटचे तोंड लाल झाले. दुकानदाराला भर बाजारात मान खाली घालणे म्हणजे काय असते ते दुकानदारालाच कळते. त्यांनी शांताबाईंकडे बघितले. शांताबाईंनी नुसती रस्त्याकडे मान हलवली.

दामोदरशेट उंबरा उतरले. लुगडे हातावर घेऊन चालत तिठ्यावर गेले, जिथे तुंबा होता तिथेच उभे राहिले आणि आधी ओरडले होते त्याहून मोठ्याने म्हणाले, "ऐका हो! साखरशेतच्या कमूने माझ्याकडे चोरी केली नाही! तिने मध ठेवला होता. तो माझ्याच दारावरून, माझ्याच माणसाने फेकला. खोटा मी पडलो, ती नाही. तिच्या गावच्या कोणालाही दुकानातून परत पाठवाल तर माझ्याशी गाठ आहे!"

मग ते परत आले आणि कमूने लुगडे घेतले. या वेळी तिने ते नीट हातात धरले.

ती निघाली तेव्हा देवजी दाराशी होता. त्याने कोटाचे वरचे बटण लावले, टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली आणि कमूला सलाम केला. अगदी तसाच, जसा दरबारात करायचा. टोपलीवालीला देवजीने केलेला तो पहिला सलाम. बाजारात कोणी हसले नाही.

कमूलाच हसू आले. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "शिपाईदादा, हात खाली घ्या. आज टोपलीत वाघ नाय."

त्यानंतर देवजीने कोणाच्या टोपलीत काठी घातली नाही. सुकी तांबड्या लुगड्यातच बोहल्यावर बसली. लग्नाला शांताबाई साखरशेतला जाऊन आल्या आणि पुढे कितीतरी दिवस त्या लग्नातल्या नाचाच्या गोष्टी सांगत राहिल्या.

आणि एक गंमत सांगायची राहिली. एका दुपारी जेवायला जाताना शांताबाईंनी साबणाच्या खोक्यावर एक दगड ठेवला आणि त्याखाली पळसाची डहाळी खोचली. ते नेहमीचे कोटवाले गृहस्थ आले. देवजीने सलाम केला. गृहस्थांचा हात सवयीने खोक्याकडे गेला, डहाळी दिसली आणि हात असा मागे आला की जणू विस्तव होता! ते दोन्ही हात पाठीमागे बांधून दुकानातून निघून गेले. डोंगरातली माणसे खूण म्हणून हात लावत नसत, आणि गावातली माणसे करणी म्हणून. त्या दिवसापासून साबण जायचा थांबला. घुंगरांना जमले नाही, आरशाला जमले नाही, देवजीला जमले नाही आणि मला, सावळा लोहाराच्या पठ्ठ्याला, तर मुळीच जमले नाही. ते एका दगडाने केले!

आता ते दुकान राहिले नाही. देवजी गेला, शेट गेले, शांताबाईही गेल्या. माझी किल्ली घर बदलताना कुठे पडली कोण जाणे. मी दामोदरशेटची नात विद्युल्लता हिच्या घरी एका फळीवर असतो. ती मला अधूनमधून तेल लावते, म्हणून गंजलो नाही. तुमच्याही घरी एखादे जुने कुलूप असेल तर त्याला थेंबभर तेल द्या. पण मित्रांनो, लोखंडाला गंज चढला तर तो घासून निघतो. तुम्ही कोणाला चोर म्हणालात तर ते घासायला मात्र तुम्हालाच तिठ्यावर जाऊन उभे राहावे लागते. म्हणून दुसऱ्याच्या टोपलीत काठी घालण्याआधी आपल्या उंबऱ्यावर कोणी काय ठेवून गेले आहे, ते न घाबरता उघडून बघा.

फळीवर माझ्या शेजारी एक चपटा दगड आहे. होय, तोच. त्या दिवशी शांताबाईंनी तो उंबऱ्यावरून उचलून पदराने पुसला आणि ठेवून दिला. दसऱ्याला विद्युल्लता झेंडूची फुले आणते. पहिले फूल ती दगडावर ठेवते आणि दुसरे माझ्यावर. पूर्वी मला याचा राग आला असता. आता येत नाही. पहाऱ्यावरच्या वरिष्ठाला पहिला मान असतो, हे संस्थानच्या नोकराला कोणी शिकवावे लागत नाही.